कलर मोठा की सिक्वेन्स? तीनपत्तीवाल्याची पोकरमध्ये झालेली फजिती

सूरसागरकाठी | सातमीची रात्र, १:२०

मंडळी, बडोद्यात श्रावणातल्या सातमी-आठमीला काय चालतं ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. पुण्याच्या आमच्या आत्याला वाटतं, गोकुळाष्टमी म्हणजे सुंठवडा आणि दहीकाला. इथे सातमीला चूल बंद, शेजारच्या बेनकडून आदल्या दिवशीची थंड ढेबरं आलेली, आणि मराठी असो की गुजराती, जो तो पत्ते पिसत बसलेला. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी पैसे लावत नाहीत, चिंचोके लावतात. आजोबांच्या काळचा बोर्नव्हिटाचा डबा आहे, त्यात भरलेले. खेळ दरवर्षी एकच, तीनपत्ती.

यंदा बंगळुरूहून भाचा आला आणि त्याने पोकर काढलं. म्हणे, "मामा, तीनपत्ती येते ना? मग पोकर आलंच." हे वाक्य साफ खोटं आहे, आणि ते किती खोटं आहे ते कळायला मला ८६ चिंचोके मोजावे लागले.

झालं असं. माझ्या हातात दोन पानं, इस्पिक नव्वी आणि बदाम दश्शी. मधे सगळ्यांची मिळून पाच पानं उघडी: चौकट गुलाम, चौकट राणी, किलवर अठ्ठी, चौकट तिर्री, बदाम दुर्री. म्हणजे माझी अठ्ठी-नव्वी-दश्शी-गुलाम-राणी, पाच पानांची सरळ ओळ! मी सगळे चिंचोके पुढे सारले. भाच्यानेही सारले. मी "सिक्वेन्स!" म्हणून ढीग ओढायला लागलो तर त्याने मनगट धरलं. त्याच्याकडे चौकट सत्ती आणि चौकट पंजी. मधल्या तीन चौकटी धरून पाच चौकटी, कलर. म्हणाला, कलर मोठा.

आता सांगा, लहानपणापासून सिक्वेन्स कलरच्या वर. हे काय नवीन? शेजारचे काका (ते तर मांडवीच्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीत, जन्मभर हेच खेळत आलेले) म्हणाले, "आ तो साव ऊंधुं छे!" (हे तर साफ उलटं!) पाऊण तास वाद झाला. शेवटी काकूंनी मोबाइलवर शोधलं आणि भाचा बरोबर निघाला. काकू तोवर माझ्या बाजूने होत्या, लगेच बदलल्या.

कोणी तरी शांतपणे सांगा, हे उलटं का? आणि एकूण खेळ पहिल्यापासून सांगितलात तर उपकार होतील. उद्या आठमीला परत बसायचं आहे.

---

किलवर_गुलाम | रात्री १:४५

+१. माझी फजिती एक्का-दुर्री-तिर्रीवरून झाली होती. आमच्या घरी तीनपत्तीत एक्का-राजा-राणीच्या खालोखाल एक्का-दुर्री-तिर्री, राजा-राणी-गुलामाच्याही वर. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी ही सगळ्यात लहान सिक्वेन्स. तिथे एक्का एकाच्याच भावात जातो. छक्कीवर संपणाऱ्या ओळीने मला मारलं.

---

झोपाळा_आणि_चहा | सकाळी ७:०५

मी हा खेळ पहिल्यांदाच पाहिला. मला कलर-सिक्वेन्सचं नंतर सांगा, आधी हे सांगा की हातात दोनच पानं असतात तर पाच कुठून येतात? आणि सगळे मधेच बोटांनी टेबल का वाजवतात?

---

गणितवेडा | सकाळी ८:३०

संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे मूळ प्रश्न माझ्या वाट्याचा. ताईंचं उत्तर दुसरं कोणी द्या.

नियम एकच आहे: जे पान-जुळणं क्वचित येतं ते मोठं. आता ५२ पत्त्यांतून ३ पानं २२,१०० प्रकारे येतात. त्यात नुसता कलर १,०९६ वेळा आणि नुसती सिक्वेन्स ७२० वेळा (प्योर, म्हणजे एकाच रंगाची सिक्वेन्स, दोन्हींतून वगळलीय). सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तीनपत्तीत ती वर.

५ पानं घेतली की एकूण प्रकार होतात २५,९८,९६०. त्यात कलर ५,१०८ आणि सिक्वेन्स १०,२००. फिरलं की नाही? पहिलं पान कुठलंही येऊ दे, पुढचं प्रत्येक पान त्याच रंगाचं निघायची शक्यता पावाहूनही थोडी कमी. तीन पानांत हा पाव दोनदा लागतो, पाच पानांत चार वेळा. म्हणून कलर झपाट्याने आटतो. सिक्वेन्सही आटते, पण इतकी नाही. तुमच्या शेजारच्या काकांचं चुकलं नाही, त्यांची पानं दोन कमी होती एवढंच.

अवांतर: तीनपत्तीतला वरचा क्रम मात्र स्वतःच गणिताला धरून नाही. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, ५२ प्रकारे येते आणि प्योर सिक्वेन्स ४८ प्रकारे. म्हणजे प्योर जास्त दुर्मीळ, तरी ट्रेल वर. हे मी आमच्या घरी एकदा बोलून दाखवलं होतं, त्यानंतर मला दोन वर्षं पत्ते वाटायला दिले नाहीत.

---

किलवर_गुलाम | सकाळी ८:५०

सर, पण या पोकरमध्ये पानं पाच कुठे, सात आहेत. दोन हातातली आणि पाच मधली. मग तुमचा हिशोब लागू होतो का?

---

गणितवेडा | सकाळी ९:१५

अचूक पकडलंत. सातातली उत्तम पाच धरली तर सिक्वेन्स साधारण ४.६ टक्के वेळा आणि कलर ३ टक्के. क्रम तोच राहतो. पण तळाला गंमत होते: सात पानांत काहीच न जुळणं १७ टक्क्यांच्या आसपास आणि एक जोडी जवळजवळ ४४ टक्के. म्हणजे 'काहीच नाही' हे जोडीपेक्षा दुर्मीळ! तरी जोडी वरच ठेवतात, कारण क्रम पाच पानांवरून ठरलेला आहे. आणि खरं सांगायचं तर काहीच न लागल्याचं बक्षीस कोण देणार.

---

भाचा_नंबर_एक | सकाळी १०:४०

नमस्कार, मीच तो भाचा. मामा झोपलाय. ज्यांनी दोन पानांचं विचारलं त्यांच्यासाठी कालचाच एक डाव मांडून सांगतो.

आम्ही पाच जण गोल बसलो होतो. एकाच्या पुढ्यात 'बटण' ठेवतात (आम्ही आजोबांच्या कोटाचं खरंखुरं बटण ठेवलं). दर डावाला ते डावीकडे सरकतं. बटणाच्या डावीकडच्याने पानं बघायच्या आधीच १ चिंचोका टाकायचा, तो स्मॉल ब्लाइंड. त्याच्या डावीकडच्याने २, तो बिग ब्लाइंड. तीनपत्तीतलं 'ब्लाइंड' डोक्यातून काढून टाका. तिथे ब्लाइंड म्हणजे पानं न बघता अर्ध्या भावात खेळणं. इथे ती दोघांवर आलेली सक्तीची वर्गणी आहे, तुमच्या बूटसारखी (डावाआधी सगळे टाकतात ती), फक्त पाळीपाळीने. मामा पहिला अर्धा तास "मी ब्लाइंड खेळतो, मला निम्मेच" म्हणत होता.

मग प्रत्येकाला दोन पानं उपडी. बिग ब्लाइंडच्या डावीकडून बोली सुरू. तीन मार्ग: फोल्ड, म्हणजे आपलं पॅक, पानं टाकून डावातून बाहेर. कॉल, म्हणजे समोरच्याइतके टाकून टिकून राहणं. रेझ, म्हणजे वाढवणं. सगळ्यांचे सारखे झाले की फेरी संपली.

मग वाटणारा वरचं एक पान उपडंच बाजूला टाकतो आणि तीन पानं मधे उघडतो. हा फ्लॉप. ही पानं सगळ्यांची. पुन्हा बोली, यावेळी बटणाच्या डावीकडून. मग चौथं पान, टर्न. बोली. पाचवं पान, रिव्हर. शेवटची बोली. आणि मग दाखवायचं. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून कुठलीही उत्तम पाच. आपलं एकच वापरा, दोन्ही वापरा, एकही वापरू नका. पाचही मधलीच भारी असली तर जे टिकलेत ते ढीग सारखा वाटून घेतात.

टेबल वाजवणं म्हणजे चेक. फ्लॉपनंतर तुमच्या आधी कोणी काही लावलं नसेल तर तुम्हीही काही न लावता पुढे ढकलू शकता. तीनपत्तीत ही सोय नाही, तिथे चाल द्या नाहीतर पॅक व्हा. म्हणून जुन्या खेळाडूंना चेक सुचतच नाही. शेजारचे काका काल प्रत्येक फेरीला उगाच दोन-दोन चिंचोके टाकत होते, "हात खाली ठेवायचा नसतो" म्हणून.

मोठेपणाचा क्रम, वरून खाली: एकाच रंगाची दश्शी ते एक्का (रॉयल फ्लश, अख्ख्या कॅटमध्ये चारच), मग स्ट्रेट फ्लश म्हणजे आपली प्योर, मग चारी सारखी, मग फुल हाउस म्हणजे तीन सारखी अधिक एक जोडी, मग कलर, मग सिक्वेन्स, मग तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर सगळ्यात मोठं पान. ट्रेल कुठे घसरली बघा! तीनपत्तीत राज्य करणारी ट्रेल इथे सिक्वेन्सच्याही खाली.

---

झोपाळा_आणि_चहा | सकाळी ११:१०

आता समजलं, छान सांगितलंस. दोघांची एकच जोडी आली तर? आमच्याकडे तर इस्पिकवाला जिंकतो. काळी सगळ्यात मोठी.

---

भाचा_नंबर_एक | सकाळी ११:२५

इथे रंगाला मान नाही. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सगळे सारखे. जोडी सारखी असली तर उरलेल्या पानांवर ठरतं, त्याला किकर म्हणतात. समजा मधे राजा, नव्वी, छक्की, चव्वी, दुर्री आहेत. माझ्याकडे राजा-गुलाम, तुमच्याकडे राजा-राणी. दोघांची राजाची जोडी. तुमची पाच पानं राजा-राजा-राणी-नव्वी-छक्की, माझी राजा-राजा-गुलाम-नव्वी-छक्की. तुम्ही जिंकलात. म्हणून राजा आला की नाचायचं नसतं, राजाच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं.

---

सूरसागरकाठी | दुपारी १२:३०

उठलो. भाच्याने माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलेली वाचली. असो.

अजून एक वाद राहिलाय. काल एका डावात काकूंकडे ४० चिंचोके उरले होते, त्यांनी सगळे लावले. मी आणि भाच्याने १००-१०० लावले. काकू जिंकल्या आणि अख्खे २४० घेऊन गेल्या. हे बरोबर का?

---

गणितवेडा | दुपारी १:००

नाही. ज्याने जितके लावले, तितकेच तो प्रत्येकाकडून जिंकू शकतो. काकूंचे ४०, तुमच्यातले ४०, भाच्यातले ४०, असा १२० चा मुख्य ढीग. त्यावर तिघांचा हक्क. तुमचे आणि भाच्याचे उरलेले ६०-६० हा १२० चा वेगळा ढीग, साइड पॉट. त्यात काकू नाहीत. तुम्हा दोघांत ज्याचं पान मोठं, तो ढीग त्याचा. म्हणजे काकूंना १२० मिळायला हवे होते.

काकूंकडून वसुली कशी करायची हे संख्याशास्त्रात येत नाही.

---

रावपुरा_रिटर्न | दुपारी २:२०

रंगाचा बेरंग करतोय, माफ करा. चिंचोके आहेत तोवर छान आहे. पण हा धागा वाचून कोणी तरी 'आता आलं आपल्याला' म्हणून पैशाने खेळायला जाईल, म्हणून लिहितो.

गुजरातमध्ये १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. सातमी-आठमीच्या दुसऱ्या दिवशी पेपरात धाडींच्या बातम्या असतातच. 'पोकर कौशल्याचा खेळ आहे' हा युक्तिवाद इथे चाललेला नाही, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये मुख्यतः कौशल्याचा म्हणून सोडला तो रमीचा खेळ, आणि त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलंय. मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांवर तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेच बंदी घातली, त्यात कौशल्य की नशीब हा भेदही ठेवला नाही.

त्याआधी मी एका अ‍ॅपवर खेळायचो. नाव घेत नाही. पहिल्या आठवड्यात २,००० जिंकलो आणि स्वतःला शहाणा समजलो. चार महिन्यांनी बायकोला क्रेडिट कार्डाचं बिल सापडलं. आकडा लिहीत नाही, पण स्कूटर आली असती. नियम मला तुमच्या भाच्याइतकेच येत होते.

---

किलवर_गुलाम | दुपारी २:५०

लिहिलंत ते बरं केलंत. नेमकं काय चुकत होतं, हे सांगाल का?

---

रावपुरा_रिटर्न | दुपारी ३:१५

मी पॅकच होत नव्हतो. तीनपत्तीत तीन पानं बघितली की निकाल हातात असतो. इथे दर वेळी वाटतं, पुढचं पान येईल. चार चौकटी आल्या की पाचवी येणारच, असं वाटतं. आणि आधीच इतके टाकलेत, आता कसं सोडायचं? तेवढ्यात मी संपलो.

---

गणितवेडा | दुपारी ४:००

'पाचवी येणारच' याचा हिशोब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने एकदा कागदावर करावा. तुमच्याकडे दोन चौकटी, मधे दोन चौकटी, टर्न उघडलेलं आहे, एकच पान यायचंय. तुम्हाला दिसलेली पानं ६. न दिसलेली ४६. चौकटी एकूण १३, दिसल्या ४, उरल्या ९. म्हणजे ४६ पैकी ९, जेमतेम २० टक्के. पाच वेळांत चार वेळा येणार नाही.

आता ढिगात ६० आहेत आणि समोरच्याने ३० लावले. तुम्हाला ३० टाकून ९० मिळवायचे आहेत, म्हणजे सौदा बरोबरीचा व्हायलाही चारातून एकदा, २५ टक्के यायला हवं. तुमच्याकडे २० आहेत. पॅक. समोरच्याने १० च लावले असते तर १० टाकून ७० मिळतात, आठातून एकदा आलं तरी पुरतं. तेव्हा खुशाल खेळा. पान तेच, ढीग तोच, फक्त समोरच्याने मागितलेली किंमत बदलली. आधी किती टाकलेत ते या हिशोबात कुठेच येत नाही, रावपुरा. ते पैसे तुमचे राहिलेलेच नसतात.

---

किलवर_गुलाम | दुपारी ४:२०

आणि हूल? सगळे म्हणतात पोकर म्हणजे चेहरा दगडासारखा ठेवून हूल देणं.

---

गणितवेडा | दुपारी ४:५५

चेहऱ्याचं मला माहीत नाही, माझ्या चेहऱ्यावर विद्यार्थीही विश्वास ठेवत नसत. पण गणितज्ञ जॉन फॉन नॉयमनने पोकरचा एक सोपा नमुना करून हूल गणितात बसवली होती. १९४४ सालच्या त्याच्या आणि मॉर्गेनस्टर्नच्या ग्रंथात ती आहे. निष्कर्ष मजेदार आहे: हूल मधल्या बऱ्या पानांवर देऊ नये, अगदी तळातल्या टाकाऊ पानांवर द्यावी. बरी पानं दाखवून कधी कधी जिंकतात, त्यांना चेक करून शांतपणे शेवटापर्यंत न्यावं. टाकाऊ पानं दाखवून जिंकणारच नाहीत, तेव्हा जिंकायचा एकच रस्ता उरतो, समोरच्याला पॅक करणं. आणि साइड शो इथे नसतो, शेजाऱ्याला गुपचूप पानं दाखवून सुटका नाही.

---

मांडवीची_भाकरवडी | संध्याकाळी ५:३०

वाचनखूण साठवली. आमच्याकडे चिंचोके नाहीत, शेंगदाणे लावले होते. रात्री अकरापर्यंत सगळी संपत्ती खाऊन झाली.

---

सूरसागरकाठी | आठमीची रात्र, २:१०

सर, तुमच्या फॉन नॉयमनला नमस्कार सांगा.

आज काकू बिग ब्लाइंडवर, मी बटणावर. माझ्या हातात चौकट सत्ती आणि किलवर दुर्री. भाचा म्हणतो, यापेक्षा भिकार दोन पानं नसतात. बाकीचे पॅक झाले, मी नुसती गंमत म्हणून राहिलो. मधे आलं एक्का, राजा, नव्वी, मग चव्वी, मग तिर्री. काकूंनी दर फेरीला चार-चार लावले. माझ्याकडे काहीही नाही. रिव्हरला त्यांनी पुन्हा चार लावले आणि मी एकदम ५० पुढे सारले. चेहरा वगैरे काही केला नाही, तेवढ्यात बारा वाजायचा जन्माचा पाळणा लागला होता समोरच्या मंदिरात, तिकडे बघत बसलो.

काकूंनी पाच मिनिटं घेतली. चष्मा काढला, पुसला, लावला. "एक्का आहे तुझ्याकडे," म्हणाल्या आणि पॅक झाल्या. त्यांचं पॅक झाल्यावर माझी पानं दाखवायची सक्ती नसते हे भाच्याने सकाळीच शिकवलं होतं. मी ती उपडीच गड्डीत सरकवली. काकूंनी घरी जाईपर्यंत चार वेळा विचारलं, मी हसलो फक्त. कालचे ८६ वसूल, वर काही.

काकू मराठी फोरम वाचत नाहीत म्हणून इतकं मोकळं लिहितोय.

---

झोपाळा_आणि_चहा | सकाळी ६:५०

वाचते. राजाची जोडी होती माझी, आणि किकर राणी होती. डबा घेऊन ये संध्याकाळी.

---

भाचा_नंबर_एक | सकाळी ७:०२

मामा, कालचे १२० पण परत मागून घे त्याच वेळी. मी स्टेशनवर आहे, गाडी लागली.